गवळणीच्या गोष्टीचा शेवट

५ जानेवारी, सोमवार

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजी, रोज एक पान लिहायचं, हात सुधारेल. काय लिहू विचारलं तर म्हणाले, काहीही लिहा, सुनेच्या कागाळ्या लिहा. म्हटलं, एक सून देवाघरी गेली आणि दुसरी साताऱ्यात राहते, कागाळी करायला सापडायला तर पाहिजे. डॉक्टर हसले. भला माणूस आहे, पण फार बारीक आहे. घरी कोणी जेवायला घालतं की नाही कोण जाणे.

दिवाळीच्या आधी माझा उजवा हात गेला होता. आता परत आलाय, पण हलतो. चहाची बशी धरली की अर्धा चहा लुगड्यावर. ही वही ऋषिराजनं आणली, वर गुलाबाचं चित्र आहे. मी तिसरी शिकलेली. आमचे गुरुजी छडी घेऊन सांगायचे, बोलताना खुशाल ‘हाय’ म्हणा, लिहिताना ‘आहे’ लिहा. म्हणून ‘आहे’ लिहिते आहे. साठ वर्षं झाली, छडी अजून लक्षात आहे.

ऋषिराज माझा नातू, थोरल्या लालासाहेबाचा. लालासाहेब फौजेतून हवालदार होऊन आला, आता ऊस बघतो. ऋषीची आई तो चार वर्षांचा असताना गेली, तेव्हापासून माझ्या खोलीत, माझ्या शेजारी झोपतो. बावीस वर्षांचा घोडा झालाय तरी तिथंच. भरतीला दोनदा गेला, दोनदा थोडक्यात राहिला. आता फेब्रुवारीत पोलीस भरती आहे, रोज पहाटे पळतो. असा पळतो की बघत राहावं.

रोज संध्याकाळी आठला साताऱ्याहून शिवांजलीचा फोन येतो, चेहरा दिसणारा. ती धाकट्या अर्जुनाची लेक, दुसरीत आहे. तिला गोष्ट लागते. माझ्या हातात फोन हलतो म्हणून ऋषी धरून बसतो. कधी कंटाळला नाही पोर. आज गवळणीची गोष्ट सुरू केली. एक पान झालं. हात दुखला.

७ जानेवारी, बुधवार

आमचा कुत्रा, शेरू, गेला. साखळी तशीच खुंटीला, पट्टा तुटलेला, आणि गोठ्यापासून उसापर्यंत ओढत नेल्याची रेघ. वाघानं नेला. आता सगळे बिबट्या म्हणतात, आम्ही म्हाताऱ्या वाघच म्हणतो. उसात राहायला लागलेत ते. डोंगरात काय राहिलंय त्यांना, आणि उसात थंडगार, पाणी, रानडुकरं. मीसुद्धा उसातच राहिले असते.

शेरूला ऋषीनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. त्यानं रिकामी साखळी धुतली, पुसली आणि परत खुंटीला लावली. जेवला नाही. शेजारची रहिमतबी आली, तिची शेळी मागच्या महिन्यात गेलीय. म्हणाली, “रडू नको रं बाळा, वाघाला पण पोट हाय.”

ऋषी म्हणाला, “मला पण हाय चाची, माझ्या पोटात आग पडलीया.”

१० जानेवारी, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही, कडधान्याला ऊन दाखवत होते.

गावात मंडळाच्या पोरांनी गस्त सुरू केलीय. ऋषी म्होरक्या. बारा-पंधरा पोरं, काठ्या, बॅटऱ्या, शिट्ट्या. संध्याकाळी चौकात जमली की यात्रेसारखं वाटतं. मला बरं वाटतं. भरतीत राहिला म्हणून मान खाली घालून हिंडायचा, आता लोक त्याला हाक मारून विचारतात, ऋषी, आज कुठल्या बाजूनं? मोबाईलवर कुठली कुठली चित्रं येतात. कुठं बाईला धरलं, कुठं पोराला. आपल्या गावात अजून माणसाला काही केलेलं नाही, पण पोरांना आता शाळेतनं आणायला बाप जातात.

शिवांजलीला गोष्ट पुढं सांगितली. गवळण शेताच्या कडेला झोळीत तान्हं पोर बांधून गवत कापत असते. वाघीण येते, पोर उचलून नेते. गवळण विळा घेऊन तिच्या पावलांच्या मागं रानात जाते. गुहेत बघते तर वाघीण जखमी होऊन पडलीय, अंगात दूध नाही, आणि तिच्या पोटाशी दोन लेकरं भुकेनं रडतायत. एक वाघिणीचं, एक गवळणीचं.

“खाल्लं न्हाई व्हय तिनं?” शिवांजलीनं विचारलं.

“न्हाई. आता बघ, गवळणीच्या हातात विळा हाय आणि अंगात दूध हाय. काय करंल ती?”

इथं मी नेहमी थांबते. पोरांना रात्रभर विचार करायला राहावं म्हणून. फोन बंद झाल्यावर ऋषी म्हणाला, “आज्जी, मला ठाव हाय काय करती. एका घावात.” आणि हात असा खाली आणला. लहानपणी पण असाच आणायचा.

१२ जानेवारी, सोमवार

काल रात्री आमच्या ओढ्याकडच्या उसाला आग लागली. वरच्या तारा घासून ठिणगी पडली म्हणे. मला काही कळलं नाही, डोक्याची गोळी घेतली की मी मेल्यासारखी झोपते. सकाळी उठले तर अंगणात काळी राख उडून आलेली, आणि ऋषी न्हाणीत अंगावर पाणी ओतत बसलेला. थंडीत गार पाणी. भुवया जळलेल्या, उजव्या हातावरचे केस गेलेले. लालासाहेब म्हणाला, आरडाओरडा झाल्यावर पोरं पळाली, ऋषी सगळ्यांत पुढं. दुसऱ्यांच्या उसाला आग लागू दिली नाही पोरांनी.

मी त्याची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या चुलीत टाकल्या, तडतडल्या नाहीत, नुसता धूर. म्हटलं, बघ किती दृष्ट लागली होती.

हाताला खोबरेल लावलं. पेट्रोलचा वास येत होता. म्हटलं, गाडीत पेट्रोल भरताना सांडलं का रे? तो म्हणाला, व्हय. बघा, आग आणि पेट्रोल, देवानंच राखला.

१३ जानेवारी, मंगळवार

आज भोगी. आणि आज मी इतकी खूश आहे की भाकरी करताना दोन जाळल्या.

जळलेला ऊस लगेच तोडावा लागतो, म्हणून तोडकरी आज सकाळीच आले. शेजारच्या न जळलेल्या पट्ट्यात एका बाईच्या कोयत्याला मऊ काहीतरी लागता लागता राहिलं. पिल्लू. वाघाचं पिल्लू. मांजराएवढं, निळे डोळे, अंगावर राख. एवढ्या आगीतून ते तिकडं कसं गेलं कोण जाणे. ती बाई शहाणी, तिनं हात लावला नाही, वरून पाटी पालथी घातली आणि तिथंच बसून राहिली.

वनखात्याची पोरगी आली, रेश्मा. वनरक्षक आहे. खाकी कपडे, केसांचा घट्ट बुचडा, आणि आवाज असा की लालासाहेबाचे जुने साहेब आठवावेत. तिनं शंभर माणसं बांधाच्या पलीकडं हाकलली. मला म्हणाली, “आज्जी, तुमी ऱ्हा, तुमी फोटो काढत न्हाई.”

तिनं समजावून सांगितलं. पिल्लाला माणसाचा वास लागू द्यायचा नाही. संध्याकाळी भाजीच्या क्रेटमध्ये घालून जिथं सापडलं तिथंच ठेवायचं, वर नुसतं झाकण. आई येते, पंज्यानं क्रेट पाडते आणि पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. बहुतेक वेळा पहिल्या नाही तर दुसऱ्या रात्री. फोटो काढणारं यंत्र झाडाला बांधतात, त्यात सगळं दिसतं.

मी विचारलं, “एवढा ऊस जळला, माणसं हिंडली, तरी येती?”

“येती आज्जी. आई हाय ती.”

मी लगबगीनं घरी आले, ऋषीला सांगितलं. तो भोगीची भाजी खात होता. म्हटलं, अरे पिल्लू जिवंत आहे, आणि त्याची आई आज येणार. त्यानं ताट सरकवलं. तीळ लावलेली भाकरी तशीच. शेरूचं दुःख अजून गेलं नाही त्याचं. मी बोलायला नको होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. रात्री ती आली नाही. रेश्मा म्हणाली, माणसांची वर्दळ फार झाली, आज येईल.

दिवसभर पिल्लू तिच्या गाडीत गारव्याला असतं, जनावरांचा डॉक्टर दूध पाजतो. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत परत क्रेट. रहिमतबी आणि मी बांधावर सतरंजी टाकून बसलो, लांबून बघायला परवानगी आहे. मी तिला तिळगूळ दिला. ती म्हणाली, “राहीबाई, माझी शेळी खाल्ली तिनं आणि मीच तिची वाट बघत बसलीया. मला येड लागलंय.”

म्हटलं, “तुला कवा न्हवतं?”

हसून हसून तिला ठसका लागला. रेश्मानं लांबून तोंडावर बोट ठेवून दटावलं. दोघी गप्प झालो, शाळेतल्या पोरींसारख्या.

शिवेवर वाघजाईचा दगड आहे, आम्ही पहिली मोळी तोडायच्या आधी तिथं नारळ फोडतो. यंदा ऊस जळाला त्यामुळं नारळ राहून गेला. मी आज जाता जाता हळदीकुंकू वाहिलं आणि सांगितलं, बाई, तुझं लेकरू आहे, ये.

घरी ऋषी दारातच उभा. “आज्जी, तू कशाला जाती तिकडं? थंडी हाय. उद्या जाऊ नको.”

“अरे आई येणार हाय त्याची. बघून डोळं निवतील.”

“न्हाई येणार.”

“तुला काय ठाव?”

तो आत गेला. असा कधी तोडून बोलत नाही माझ्याशी.

१५ जानेवारी, गुरुवार

कालही नाही. रेश्मानं यंत्रातले फोटो दाखवले. एक ससा, एक कोल्हा, मग परत ससा. कोल्हा क्रेटजवळ येऊन थांबला आणि वळून गेला. त्यालाही कळतं ते कोणाचं आहे.

पिल्लू रात्री ओरडतं. मांजरासारखं नाही, करवतीनं लाकूड कापावं तसं, थांबून थांबून. वस्तीपर्यंत ऐकू येतं म्हणतात. मला गोळीमुळं येत नाही. ऋषीच्या डोळ्यांखाली काळं झालंय, म्हटलं तुला झोप लागत नाही का त्या आवाजानं? म्हणाला, “कुठला आवाज?”

आठचा फोन आला तर ऋषी घरात नव्हता. फोन मीच धरला, शिवांजलीला कधी माझी हनुवटी दिसायची, कधी पंखा. म्हणाली, आज्जी, गवळणीनं काय केलं? म्हटलं, उद्या सांगते, दादा आल्यावर.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज यंत्रात माणूस आला.

रेश्मा स्वतः घरी आली. लालासाहेब कारखान्यावर गेला होता. तिनं मोबाईलवर फोटो मोठा करून दाखवला. क्रेटपासून चार हातांवर एक माणूस उकिडवा बसलेला, डोक्यावरून घोंगडी, तोंड दिसत नाही. दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरलेले. पहाटेचे तीन वाजून गेलेले. पुढच्या फोटोत तसाच. त्याच्या पुढच्यातही तसाच. एक तासभर.

“वळखता का आज्जी?”

ओळखलं. घोंगडी माझी आहे, कडेला मी लाल दोरा घातलाय. पण पिल्लाजवळ जायला बंदी आहे, दंड होईल की काय, म्हणून म्हटलं, मला दिसत नाही बाई नीट. खरं तर माझं मन इतकं भरून आलं. शेरूला मारणाऱ्या वाघिणीच्या पिल्लासाठी पोरगं थंडीत कान धरून बसलंय. थंडी तर अशी पडलीय की कान गळून पडावेत. आणि मला वाटत होतं तो रागावलाय.

मग रेश्मानं विचारलं, रविवारी रात्री आग लागली तेव्हा ऋषिराज कुठं होता? म्हटलं, घरीच, माझ्या खोलीत झोपतो तो, आरडाओरडा झाल्यावर गेला. गोळीचं काही सांगितलं नाही, उगीच कशाला आपल्या दुखण्याचं पुराण. तिनं कागदावर लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही मागितली. मी सही केली. ‘राहीबाई’मधली वेलांटी जरा कोसळली, बाकी छान आली.

जाताना ती म्हणाली, “आज्जी, ओढ्याच्या कडंला वाळूत रगत सापडलंय. लय.”

म्हटलं, असेल बाई, रानडुकराचं.

१७ जानेवारी, शनिवार

आजची शेवटची रात्र. पिल्लू दूध नीट पीत नाही, वजन कमी झालं. उद्या सकाळपर्यंत आली नाही तर पुण्याकडं नेणार, तिथं पिंजऱ्यात मोठं होईल. पिंजऱ्यात वाढलेलं परत रानात सोडता येत नाही, त्याला शिकार कोण शिकवणार?

रहिमतबी म्हणाली, “ती मेली असंल राहीबाई.”

मी तिच्यावर रागावले. म्हटलं, तोंड सांभाळ. मग वाईट वाटलं, अर्धी मोळी चिपाड तिच्या चुलीला पाठवली.

पाचला बांधावर बसले ते दिसेनासं होईपर्यंत. एकदा पाचट हललं, मी अर्धी उठले. मोर होता.

ऋषी आज माझ्यासोबत आला. मी बोलावलं नव्हतं. माझ्यामागं उभा राहिला, आणि पिल्लानं पहिली हाक दिली तसा वळून चालायला लागला. चालत नाही, पळत. भरतीत तसा पळाला असता तर केव्हाच घेतला असता.

१८ जानेवारी, रविवार

आली नाही. नेलं पिल्लाला.

आज अवस. मी देव घासायला घेतले. दर अवसेला टाक चिंचेनं घासते. खंडोबा, भैरोबा, मग वाघजाई. वाघजाईचा टाक उचलला, त्याच्यामागं एक काड्यापेटी होती. देवाच्या दिव्याची नाही, दुसरी.

आत कापूस. कापसात नख. एकच. मुळाशी मांस वाळलेलं.

लिहवत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

लालासाहेबाला माहीत होतं. मी नख पुढं ठेवलं तर त्यानं आधी दार लावलं.

“आये, कुणाला बोलायचं न्हाई.”

“तू व्हतास?”

“मी न्हवतो. मला सकाळी कळलं. जुन्या इहिरीत टाकलंय पोरांनी, वर पाचट टाकलंय. अजून चार दिस गेलं की कुणाला पत्ता लागायचा न्हाई.”

“पत्ता मला लागला.”

“म्हणूनच सांगतोय. फेब्रुवारीत पोराची भरती हाय. केस झाली तर भरती गेली, वर सात वर्सं आत. एका जनावरापायी. ते आपलं कुत्रं खातंय, उद्या पोर खाईल, आणि आपुन त्याच्यासाठी आपलं पोर द्यायचं?”

मी तिसरी शिकलेली बाई. त्याचं म्हणणं चूक आहे हे मला कळतंय, पण कुठं चूक आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. ऋषी तुरुंगात, ही गोष्ट डोक्यात आणली की माझा डावा हातसुद्धा हलायला लागतो.

त्यानं नख चुलीत टाकायला उचललं. मी त्याच्या हातातून घेतलं. म्हटलं, वाघजाईच्या मागं ठेवलंय, ज्यानं ठेवलं त्यालाच उचलू दे.

आता काही गोष्टी लिहून ठेवते, नाही तर डॉक्टर म्हणतील पान कोरं का.

पेट्रोल गाडीचं नव्हतं. आग ठिणगीनं लागली नाही. आणि पोरगं त्या रात्री कान धरून बसलं ते थंडीनं नाही. लहानपणी काही फोडलं-सांडलं की माझ्यासमोर येऊन तसाच बसायचा, उकिडवा, कान धरून, मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत. मी फोटोत तेच बघत होते आणि मला दिसलं नाही.

त्याला ‘पुरे’ म्हणणारं तिथं कोणी नव्हतं. ते पिल्लू फक्त ओरडत होतं.

आणखी एक आहे. ते लिहायला सगळ्यांत जड आहे.

गवळणीची गोष्ट माझ्या आईची. आई सांगायची त्यात गवळण विळा बाजूला ठेवते, खाली बसते, आणि दोन्ही लेकरांना पाजते. मग ती आपलं पोर घेऊन निघते, आणि वाघीण लंगडत तिच्या मागं मागं शिवेपर्यंत येते, तिथं बसते. पुढं येत नाही. गवळणही परत रानात जात नाही. तोच तो वाघजाईचा दगड. अशी गोष्ट आहे.

ऋषीची आई गेली तेव्हा मी त्याला ही गोष्ट सांगितली. चार वर्षांचं पोर. शेवट ऐकून असं रडायला लागलं, म्हणे वाघीण का न्हाई मेली? मारा तिला. कुणीतरी मेलंच पाहिजे असं झालं होतं त्याला. झोपेना, दूध पिईना. तिसऱ्या रात्री मी म्हटलं, बरं, गवळणीनं विळा उचलला आणि एका घावात वाघीण मारली. तो लगेच झोपला, माझ्या दंडावर, तोंड उघडं टाकून. मला इतकं बरं वाटलं. मग पुढच्या रात्रीही तसंच सांगितलं. त्याच्या पुढच्या रात्रीही. दहा वर्षं तसंच सांगितलं. पिल्लाचं काय झालं हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही.

२० जानेवारी, मंगळवार

आठला फोन आला. म्हटलं, ऋषी, धर. तो समोर बसला, फोन माझ्या तोंडासमोर धरला. दोन दिवस आम्ही बोललो नव्हतो. नख मी परत टाकामागं ठेवलंय हे त्यानं बघितलं होतं.

शिवांजली म्हणाली, “सांग आता. विळा हाय आणि दूध हाय.”

मी आईची गोष्ट सांगितली. जशी होती तशी. गवळणीनं विळा ठेवला हे सांगितलं. आधी कुठल्या लेकराला घेतलं, विचारलं शिवांजलीनं. म्हटलं, जे जास्त रडत होतं त्याला. ती म्हणाली, ते वाघाचं असंल. म्हटलं, असंल. मग वाघीण शिवेपर्यंत आली, बसली, ते सांगितलं.

माझा चेहरा फोनमध्ये हलायला लागला होता. शिवांजली म्हणाली, आज्जी, तू फोन धरलास का? हलतोय लय.

म्हटलं, न्हाई गं, दादानंच धरलाय.

फोन बंद झाल्यावर तो तसाच हात पुढं करून बसला. मग म्हणाला, “मला तू असं सांगितलं न्हवतंस.”

“तू रडायचास.”

“मग रडू द्यायचं व्हतं, आज्जी.”

मग सगळं बोलला. उसाला तीन बाजूंनी पेट्रोल टाकून आग लावली, चौथ्या बाजूला पोरं काठ्या-कोयते घेऊन उभी राहिली. शिट्ट्या, आरोळ्या, कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढतंय. सगळ्यांनी तोंडाला काजळी फासली होती, एकमेकांना ओळखू येत नव्हतं, त्यानं लय जोर आला, म्हणाला. असा जोर की भरतीत पण कधी आला नव्हता. मग ती धुरातून बाहेर आली. पहिली काठी त्याची.

“तिच्या तोंडात पिल्लू व्हतं, आज्जी. ती चावलीच न्हाई कुणाला. चावायचं म्हटलं तर पिल्लू सोडाया लागलं असतं. आमी पंधरा जण, आणि ती तोंड मिटून मार खात व्हती. पडली तवा पिल्लू सुटलं, ते पळालं.”

मी विचारलं, नख कुणी काढलं?

“सगळ्यांनी वाटून घेतली. गळ्यात घालायला. मला पैलं दिलं, पैली काठी माझी म्हणून.”

त्यानं दोन्ही कान धरले. बावीस वर्षांचं पोर, माझ्यासमोर उकिडवं बसलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिलं. एक शब्द बोलले असते तर उठला असता. अठरा वर्षं म्हणत आले आहे.

मी ‘पुरे’ म्हटलं नाही. त्याच्या शेजारी बसले फक्त.

२१ जानेवारी, बुधवार

सकाळी सातच्या एसटीनं शिराळ्याला गेलो. लालासाहेब दारात उभा होता, आडवा. ऋषी म्हणाला, आबा, सरका. लालासाहेब सरकला नाही. मग मी म्हटलं, लाला, सरक, बस जाईल. तेव्हा सरकला. त्याच्याकडं मला बघवलं नाही. त्याचंही पोर आहे.

वनखात्याच्या कार्यालयात रेश्मा होती. ऋषीनं काड्यापेटी टेबलावर ठेवली आणि विहीर कुठली ते सांगितलं. बाकीच्यांची नावं विचारली तर म्हणाला, पैली काठी माझी. रेश्मा काही ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल. तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत साहेबाकडं नेलं. जाताना त्यानं मागं बघितलं नाही. बरं झालं, मी पदर तोंडात धरला होता.

मग रेश्मा माझ्याकडं आली. म्हणाली, आज्जी, तुमचा पहिला जबाब खोटा ठरतो, नवा लिहावा लागेल. म्हटलं, मीच लिहिते, मला लिहायची सवय आहे आता. तिनं कागद दिला. रविवारी रात्री मी गोळी घेऊन झोपले होते, नातू कुठं होता मला माहीत नाही, असं लिहिलं. फोटोतला माणूस मी ओळखला होता, घोंगडी माझी आहे, असंही लिहिलं. कागदावर छापलेलं होतं, आरोपीशी नातं. तिथं बराच वेळ थांबले. मग लिहिलं, आज्जी.

खाली सही केली. सगळी अक्षरं सरळ आली, वेलांटीसुद्धा. हात जराही हलला नाही. डॉक्टरांना दाखवली असती तर खूश झाले असते.

परतीच्या एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, शेजारची जागा रिकामी होती. मी त्यावर पिशवी ठेवली. पिशवीत त्याचा डबा होता, दोन भाकरी, तीळ लावलेल्या. द्यायचा राहून गेला.

आता आठ वाजत आलेत. फोन मलाच धरायचा आहे.